एकवीस दिवसांचा आरसा

ओतारीकाका बसायचे म्हणून नाहीत. नागोयाच्या सबवेचा अख्खा डबा रिकामा असला तरी दाराशी उभे, आणि उभे तरी कसे, सारखे या पायावरून त्या पायावर. चहा चालता चालता प्यायचे. सेमिनार चालू असताना मागच्या भिंतीलगत फेऱ्या मारायचे. आमचे सेन्सेई, म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, बोलता बोलता त्यांच्याकडे बघत राहायचे आणि पुढचं वाक्य विसरायचे. "अहो काका, बसा की दोन मिनिटं," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "बसलं की गंज चढतो, पोरी." गंज कसला चढतोय! माणसाच्या अंगात नुसता पारा भरलेला.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं, ओतारीकाका हे नाव मी ठेवलेलं. कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत आयुष्यभर ओतकाम करून ते उतारवयात दोन वर्षांच्या करारावर आमच्या विद्यापीठात आले होते. मी तिथे धातुशास्त्रात पीएच.डी. करत होते. मराठी बोलायला आम्ही दोघंच, त्यामुळे भांडायलाही दोघंच.

त्यांचं काम एकच. विद्यापीठाच्या छोट्या संग्रहालयाला जुन्या काळच्या दुर्बिणींत असायचा तसा धातूचा आरसा हवा होता. काचेचे आरसे यायच्या आधी लोक तांबं आणि कथील एकत्र वितळवून आरसे ओतायचे, काही तर माणूस आडवा झोपेल एवढे. आमचा लग्नातल्या भाताच्या परातीएवढा. "तरी घाम फोडतोय बघ," काका म्हणायचे. कारण हा धातू दिसायला चांदी आणि स्वभावाने काच. ओतल्यावर तो इतका सावकाश गार व्हावा लागतो की मध्येच जरा गार हवा लागली तरी तडकलाच म्हणून समजा.

तेव्हा जपानच्या २०११च्या मोठ्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं, अणुवीज केंद्रं बंद होती. जिकडेतिकडे वीज वाचवा, लिफ्ट बंद, जिने चढा. विजेची भट्टी एवढे दिवस चालवायला परवानगी मिळेना. काका उलट खूश! "त्या जुन्या लोकांकडे कुठं प्लग होता गं?" असं म्हणून त्यांनी मागच्या अंगणात विटांची भट्टी बांधली. लालबुंद आरसा आत ठेवायचा, कोळसा आणि राखेत एकवीस दिवस हळूहळू निवू द्यायचा, तोवर दार उघडायचं नाही. आणि हे कुणी करायचं, तर कुकरची शिट्टी होईपर्यंत ज्यांना दम निघत नाही त्यांनी.

दोन आरसे आधीच तडकले होते, दोन्ही त्यांच्या घाईपायी. मार्चमध्ये करार संपत होता, म्हणजे तिसरा हाच शेवटचा. स्वतःला ओळखून असल्यामुळे त्यांनी भट्टीच्या लोखंडी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मी मागितली तरी द्यायची नाही. रडलो तरी नाही. कळलं?" मी हो म्हटलं. मला ते गमतीचं वाटलं होतं.

चौदाव्या दिवशी दुपारी भूकंपाच्या इशाऱ्याने सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले आणि जमीन हलली. मोठा धक्का नव्हता. कपाटातल्या बाटल्या वाजल्या, मिनिटभरात थांबलंही. मी अंगणात धावले तर काका भट्टीच्या विटांना कान लावून उभे.

"किल्ली दे."

"काका, तुम्हीच सांगितलंय ना..."

"आत तडा गेला असेल तर हे सात दिवस कशाला मरायचं? नुसतं बोटभर उघडतो. बघतो आणि लावतो." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यापुढे हात पसरून उभा. मला नाही म्हणता आलं नाही. मी किल्ली दिली.

दार बोटभर उघडलं. आरसा धड होता! राखेत नीट निजलेला, दोघांनीही पाहिला. काका हसलेसुद्धा. मग आतून टण्‌ असा एक बारीकसा आवाज आला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ उमटली.

काका ओरडले नाहीत. जपानात प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला; पुढच्या आठवड्यात तुकडे गोळा करताना म्हणाले, "हा कुठल्या वारचा कचरा गं, जळणारा की न जळणारा?" मी रडायलाच लागले. तेव्हा शांतपणे म्हणाले, "मागितली मी, चूक माझी. पण तू द्यायला नको होतीस." फार लागलं ते मला. खरं होतं म्हणूनच लागलं.

मार्चमध्ये ते परत गेले. जाताना तुकड्यांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं, "वितळव आणि तू ओत." सेन्सेईंना पटवायला मला वर्ष लागलं. पुढच्या वसंतात मी तो ओतला, भट्टीत ठेवला, कुलूप घातलं. मग कोल्हापूरहून रोज फोन. "उघडलं नाहीस ना?" "नाही हो काका." सोळाव्या दिवशी म्हणाले, "पोरी, जरा बोटभर उघड. फोनवर दाखव मला."

"नाही काका. पाच दिवस थांबा."

"एवढं एकदाच."

"नाही म्हणजे नाही!" मी चिडले होते. या वेळी मी नमणार नव्हते.

मग म्हणाले, "शाब्बास." आवाज खोल गेलेला होता. का, ते मी विचारलं नाही.

एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका सकाळी गेले. महिनाभर हॉस्पिटलातच होते. "तुम्हाला कळवणार होतो आम्ही," ती म्हणाली, "पण बाबांनी शपथ घातली होती. म्हणाले, तिला सांगू नका, कळलं तर मला दाखवायला ती दार उघडेल."

मी उरलेले दोन दिवस थांबले. आरसा अखंड निघाला. त्या दिवशी मला भयंकर राग आला होता, त्यांचा की माझा, हे मला अजून सांगता येत नाही.