समाधानी ग्राहक

कॉलेजच्या बीबीएच्या प्रोजेक्टसाठी माझ्या लेकीने आमचंच साड्यांचं दुकान निवडलंय. विषय आहे, ग्राहकांचं समाधान. सकाळपासून ती गल्ल्याशेजारी बसून सगळ्या प्रश्नावल्या स्वतःच भरतेय. कधी निळ्या पेनाने, कधी काळ्या, अक्षर मुद्दाम बदलून. मी घडीच्या साड्या उलगडून पुन्हा घड्या घालतोय. तिच्या कागदांवर माणसं भराभर येतायत, भावावर खूश, वागणुकीवर खूश. एवढी गर्दी या दुकानाने कित्येक दिवसांत पाहिलेली नाही.

"बाबा, एखादा तरी नाराज हवा, नाहीतर मॅडमना खरं वाटणार नाही. त्याची तक्रार काय लिहू?"

मी दाराकडे पाहतो. रंग गेला म्हणून तावातावाने भांडायला यायची माणसं. आता तीही येत नाहीत.