चौदा नंबरचा शर्ट

आमच्या विद्यापीठातली कॉलेजं खेळासाठी गटांत वाटलेली होती. आमच्या गटात आठ कॉलेजं. दर वर्षी फेब्रुवारीत गटाची बास्केटबॉल स्पर्धा व्हायची आणि शेवटी एका मुलीला 'स्पर्धेतली सर्वोत्कृष्ट खेळाडू' ठरवलं जायचं. ते कसं ठरवतात हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, कारण ठरवताना मी त्याच खोलीत होते. मी कोण आहे हे मात्र ठरवणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या बाबतीत हे नेहमीचंच.

मी संघात होते ते उंचीमुळे. बाबा रेल्वेत इंजिनिअर, मूळचे अमरावतीचे. बदली होऊन लखनौला आले आणि अलीगंजमध्ये आम्ही घर घेतलं. उंची मला त्यांच्याकडून आली, बोलणं कुणाकडूनच आलं नाही. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात खेळाचे सर मला जिन्यात थांबवून म्हणाले, "बेटा, बास्केटबॉल खेलती हो?" मला 'नाही' म्हणायचं होतं. ते म्हणायला मी शब्द जुळवत होते तेवढ्यात त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. मला चौदा नंबरचा शर्ट मिळाला आणि बाकावर अगदी टोकाची जागा. तीन वर्षांत मी एकूण किती खेळले हे सांगायला तास लागत नाहीत, मिनिटं पुरतात.

संघाला माझा खरा उपयोग वेगळाच होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, माझं इंग्रजी अक्षर वळणदार. सर्टिफिकेटवर नावं लिहायचं काम त्यामुळे माझ्याकडे आलं. क्रीडा विभागाची, एनएसएसची, एकदा तर मेंदी स्पर्धेचीही सर्टिफिकेटं मी लिहिली. मेंदीत मला उत्तेजनार्थ बक्षीस होतं, ते मीच मला लिहून दिलं.

आमची कॅप्टन सात नंबरची, जवळपास माझ्याइतकीच उंच. ती सरोजिनी नगरच्या पुढून, कानपूर रोडवरून दोन वाहनं बदलून यायची. तिच्या वडिलांचं तिथे पंक्चरचं दुकान. ती खेळायची तेव्हा बाकीच्या मुली तिच्यासोबत खेळताहेत की तिच्या वाटेत येताहेत, असा प्रश्न पडायचा. त्या वर्षी ती खेळाडूंच्या कोट्यातून एका नोकरीचा फॉर्म भरत होती. संघ जिंकल्याची सर्टिफिकेटं तिच्याकडे होती, पण फॉर्मला एक तरी वैयक्तिक कामगिरीचं लागत होतं. मुदत संपायला चार दिवस उरले होते. हे सगळ्या संघाला पाठ होतं, कारण ती रोज सांगायची.

"ये वाला मिल गया ना, तो पापा की टायर वाली हथौड़ी हम गोमती में फेंक आएँगे."

फायनल सकाळी होती. पहिल्या अर्ध्यात समोरच्या संघातल्या मुलीचं कोपर तिच्या नाकावर बसलं. रक्त आलं, शर्ट पुढून पूर्ण माखला. नियम असा की रक्ताचा शर्ट घालून खेळता येत नाही. मध्यंतरात सरांनी बाकाकडे पाहिलं. ज्या मुलीचा शर्ट काढून घेतल्याने संघाचं काहीही बिघडणार नाही, अशी मुलगी त्यांना लगेच सापडली. मी नुसता स्वेटर घालून बसले, माझा शर्ट तिने घातला.

"तू जाके टेबल पे बता दे," सर मला म्हणाले. "सात अब चौदह में खेलेगी. बस इतना बोलना है."

मी गेले. टेबलाशी दोन स्कोअरर होते. एक फोनवर बोलत होता, दुसरा शीटवर आकडे जुळवत होता. मी उभी राहिले. कुणी मान वर केली की सांगायचं, असं मी ठरवलं होतं. 'सर, एक मिनिट' हे वाक्य मी मनात हिंदीत, इंग्रजीत आणि का कोण जाणे मराठीतही म्हणून पाहिलं. कुणी मान वर केली नाही. शिट्टी झाली. मी परत येऊन बसले.

"बता दिया?" सरांनी विचारलं.

मी मान हलवली. ती 'हो' अशी होती की 'नाही' अशी, हे मलाही सांगता येणार नाही. सरांनी ती 'हो' समजली.

पुढच्या अर्ध्यात आमची कॅप्टन जशी खेळली तसं मी कुणाला खेळताना पाहिलेलं नाही. नाकात कापूस, तोंडाने श्वास, आणि चेंडू जाळीतून खाली. आम्ही सहा पॉइंटांनी जिंकलो. प्रत्येक बास्केटसोबत स्कोअररची मान क्षणभर वर व्हायची, पाठीवरचा आकडा बघायची आणि खाली जायची. मघाशी मी तिथे असताना तेवढी झाली असती तरी पुरलं असतं.

सामना संपला आणि मला खेळाच्या खोलीत बोलावलं. बक्षीस समारंभ तीनला, त्याआधी सर्टिफिकेटं लिहायची. गठ्ठा तयार होता, खाली प्राचार्यांची सही आधीच केलेली. आमच्याकडे सही आधी आणि नाव नंतर, अशी पद्धत होती. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. मधल्या मोठ्या टेबलाभोवती आठ कॉलेजांचे आठ प्रशिक्षक, समोर समोसे आणि सामन्यांच्या शीटा.

नियम एकच होता. प्रत्येकाने चिठ्ठीवर एक नाव लिहायचं, फक्त आपल्या कॉलेजच्या मुलीचं नाही. पक्षपात होऊ नये म्हणून तो केलेला होता, आणि पक्षपात होतही नव्हता. जे होत होतं त्याला पक्षपात म्हणता येणार नाही.

"इनकी सात नंबर को दें?" एक जण म्हणाला.

"दे दो," एका कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. "फिर अगले साल सारी लड़कियाँ इन्हीं के कॉलेज में एडमिशन लेंगी. हमारे यहाँ तो कैरम टीम बचेगी."

"तो आपकी पाँच नंबर?"

"अरे, हमारी को आप क्यों देंगे, भाई साहब? आप तो क्वार्टर फाइनल से जले बैठे हैं."

हशा झाला. एकेक चांगली खेळाडू अशी टेबलावर यायची आणि ती चांगली आहे या कारणाने बाजूला व्हायची. हवी होती अशी मुलगी, जिची कुणालाच भीती नाही. आणि तरी कागदावर ती शोभायला हवी, कारण मुख्य पाहुणे विचारू शकतात.

त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सरांनी फायनलची शीट डोळ्यांजवळ धरली. "ये चौदह नंबर कौन है? सेकंड हाफ में अकेले बाईस पॉइंट. सात नंबर तो हाफ के बाद ज़ीरो है."

"वही लंबी वाली होगी," कुणीतरी म्हणालं. "नाक पे लगी थी जिसको."

"कौन से साल में है?"

"थर्ड ईयर. निकल ही रही है."

टेबलाभोवती समाधान पसरलं. शेवटचं वर्ष, नाव कुणाला माहीत नाही, आणि शीटवर बाईस. अशी मुलगी शोधून सापडली नसती. माझ्या नावावर तीन फाउलही होते. तोवरच्या आयुष्यात मी कुणाला गर्दीतसुद्धा धक्का दिला नव्हता.

आमचे सर बिस्किट चहात बुडवून माझ्याकडे बघत होते. बिस्किट तुटून कपात पडलं तरी बघत होते.

चिठ्ठ्या मोजल्या. आठपैकी पाच मला. ज्येष्ठ सरांनी माझं नाव शीटवरून एका कागदावर उतरवून घेतलं आणि तो कागद माझ्याच हातात दिला. "बेटा, ये बेस्ट प्लेयर वाला ज़रा बढ़िया से लिखना."

मी उठून आमच्या सरांच्या मागे व्हरांड्यात गेले. "सर, वो मैं नहीं थी," मी म्हणाले. लखनौत आल्यापासून मी आपणहून बोललेलं हे बहुधा सर्वांत लांब वाक्य.

"हमको नहीं पता?" सर दबक्या आवाजात म्हणाले. "पर टेबल पे बताए बिना शर्ट बदली है. अभी बात खुली तो सामने वाले प्रोटेस्ट डालेंगे. कप गया समझो. बारह लड़कियों का कप, बेटा." मग जरा थांबून म्हणाले, "चुप रहना है बस. वो तो तुम्हें आता ही है."

कॅप्टन नळाशी नाक धूत होती. तिला मी सगळं सांगितलं. सांगताना माझी नजर तिने घातलेल्या माझ्या शर्टावर होती. तिने नाकावर आणखी दोनदा पाणी मारलं.

"हमने देखा था," ती म्हणाली. "तुम टेबल तक गईं. खड़ी रहीं. लौट आईं. हमने सोचा, बोल दिया होगा." तिने नळ बंद केला. "ले लो यार. शर्ट तो तुम्हारी ही है."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कप सांभाळायला निघून गेली.

मी परत कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन बसले. खोली रिकामी होती, समोशांचे कागद तेवढे उरले होते. बाबांचा एक नियम आहे, ते घरी किराण्याच्या यादीलाही लावतात: नोंद चुकली तर खोडायची नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. पण इथे रेघ मारली असती तर कप जात होता, आणि नाही मारली तर तिची नोकरी. मी पेनचं टोपण काढलं. संघातल्या बाकी मुलींची नावं लिहिली, सावकाश. मग सर्वोत्कृष्ट खेळाडूचं सर्टिफिकेट समोर घेतलं आणि त्यावर कॅप्टनचं नाव लिहिलं. अक्षर बढिया आलं. सर्वोत्कृष्ट खेळाडूला संघाचं वेगळं मिळत नसे, म्हणून उरलेल्या संघाच्या सर्टिफिकेटवर माझं लिहिलं. गठ्ठा मोजला, संख्या बरोबर होती. ज्येष्ठ सरांचा कागद घडी करून मी स्वेटरच्या खिशात ठेवला.

तीनला समारंभ झाला. निवेदन करणाऱ्या मॅडमनी तबकातलं सर्टिफिकेट उचललं, वाचलं, आणि त्यावर जे होतं ते मोठ्याने म्हटलं. कॅप्टन जागची उठलीच नाही. शेजारच्या मुलीने तिला ढकललं. मी मंचावरच्या आठ प्रशिक्षकांकडे बघत होते. माझ्या डोक्यात पुढचं सगळं तयार होतं: कुणीतरी उठेल, कागद मागेल, आणि मला सगळ्यांसमोर बोलावं लागेल.

आठही जण टाळ्या वाजवत होते. ज्येष्ठ सर तर सर्वांत जोरात. पाहुण्यांच्या कानाशी वाकून ते म्हणाले, माइक सुरू होता म्हणून आम्हालाही ऐकू आलं: "नाक पे लगी थी, फिर भी खेली."

आपण मत कुणाला दिलं होतं हे त्यांच्यापैकी कुणालाच आठवत नव्हतं. नाकाला लागलेली उंच मुलगी मंचावर आली होती, नाक सुजलेलं होतं, तेवढं पुरेसं होतं. नंतर चहाच्या वेळी पाच जणांनी तिला वेगवेगळं गाठून सांगितलं, "हमने तो आप ही को वोट दिया था." पाचवे आमचे सर होते. त्यांना तिला मत देताच येत नव्हतं.

घरी मी हे आईबाबांना सांगितलं, कारण आईने विचारलं, "काय गं, तुला काय मिळालं?"

"संघाचं. सगळ्यांना असतं ते."

आईने सर्टिफिकेट उलटसुलट पाहिलं. "अक्षर तुझंच आहे की."

मग सगळं सांगावं लागलं. आई म्हणाली, "अगं, एकदा तरी तुझं नाव आलं असतं." बाबांनी चष्मा पुसला. "मूळ शीटवर अजून चौदाच आहे?"

"हो."

"म्हणजे रेकॉर्ड चुकीचंच राहिलं."

"हो, बाबा."

"आणि सर्टिफिकेट बरोबर." त्यांनी ते दोनदा मनात तपासल्यासारखं केलं. पटलेलं दिसलं नाही. पण जेवताना त्यांनी न मागता मला आणखी एक पोळी वाढली.

चार दिवसांनी, फॉर्म भरून झाल्यावर, कॅप्टन माझा शर्ट परत द्यायला आली. धुतलेला, इस्त्री केलेला. गळ्याशी एक फिकट तपकिरी डाग तरी राहिलाच होता.

"नाम तुमने लिखा था," ती म्हणाली.

मी शर्टाची घडी नीट करत राहिले.

"पूछ नहीं रहे हैं. तुम्हारी लिखावट हम पहचानते हैं, मेंहदी वाला भी तुम्हीं ने लिखा था." मग तिने माझा खांदा धरून हलवला. "एक बात सुनो. अगली बार कहीं भी, किसी भी टेबल पे भेजें, तो बोल के आना. मुँह से. समझीं?"

"हाँ," मी म्हणाले.

तिने कानामागे हात धरला. "क्या? सुनाई नहीं दिया."