लेफ्ट आऊट ठवकर आणि एक चमचा खिचडी

बॉलमागे पळायचा पगार मिळतो, हे देवीदास ठवकरच्या वडिलांना पहिली दोन वर्षं पटलंच नाही. शामसुंदररावांची हयात भिलाईच्या कारखान्यात हजेरी लिहिण्यात गेली होती आणि पळणाऱ्यांसाठी त्यांच्या रजिस्टरात रकाना नव्हता. मग त्र्याहत्तर साली कलकत्त्याच्या एका फुटबॉल क्लबाने देवीदासला लेफ्ट आऊट, म्हणजे डाव्या कडेचा फॉरवर्ड, म्हणून नेलं आणि तिथल्या पेपरात त्याचा फोटो आला. शामसुंदररावांना एकाएकी आठवलं, की पोराला पहिला बॉल आपणच आणून दिला होता. तो पेपर त्यांनी भिलाईच्या सिविक सेंटर बाजारातल्या एकूण एक ओळखीच्या दुकानात फिरवला. बंगाली कोणालाच वाचता येत नसल्यामुळे बातमी रोज थोडी थोडी वाढवता येत होती.

चौथ्या हंगामात दोन दांडगे बॅक एकाच वेळी देवीदासच्या उजव्या गुडघ्यावर आले. ऑपरेशन झालं. क्लबाचे सेक्रेटरी डझनभर केळी घेऊन दवाखान्यात आले, "क्लब तुझ्या पाठीशी आहे" म्हणाले, त्यातली दोन केळी खाल्ली आणि गेले. पुढच्या आठवड्यात क्लबाने नवा लेफ्ट आऊट घेतला. पाठीशी उभं राहणाऱ्यांचं तोंड आपल्याला दिसत नाही, ही त्यातली सोय.

त्या दवाखान्यात बासंतीदी नावाची एक पन्नाशीची बाई रोज त्याच्या खाटेशी यायची. हजारो माणसांदेखत तिघांना चकवणाऱ्या देवीदासला तेव्हा स्वतःच्या पायात मोजा घालता येत नव्हता. बाई मोजा त्याच्या हातात द्यायची आणि स्टुलावर बसून राहायची. पहिल्या दिवशी त्याला पाऊण तास लागला. तो चिडून म्हणाला, "तुम्ही घालून दिला असता तर एका मिनिटात झालं असतं."

"हो, पण मग मोजा मी घातला असता," बाई म्हणाली.

हासुद्धा एक धंदा असू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं. या विद्येला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात आणि ती नागपुरातही शिकवतात, हे बाईनेच सांगितलं.

घरी आल्यावर शामसुंदरराव म्हणाले, "मी तं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं." काय म्हटलं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. साहेबांच्या हातापाया पडून त्यांनी पोरासाठी क्लार्कची जागा बघून ठेवली होती. देवीदास नागपूरला जातो म्हणाला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "पंचवीस वर्साचा घोडा पोट्टीयइच्या वर्गात बसून मोजे घालाचं शिकणार! कावून रे बापा?"

तो बसला, शिकला आणि ब्याऐंशी साली भिलाईतल्या कोहक्यात एक खोली घेऊन त्याने पाटी लावली: 'देवीदास ठवकर, व्यावसायिक चिकित्सक, केवल बच्चों के लिए'. पहिल्या महिन्यात तीन माणसं आली. एकाला बेकार पोराला व्यवसाय लावून हवा होता. दुसऱ्याचं किराणा दुकान बसलं होतं. तिसऱ्याने विचारलं, "तुम्ही व्यावसायिक, तर बाकीचे डॉक्टर काय शौकिया आहेत?"

सामान बाजारात मिळत नव्हतं. हथखोजच्या कारखानदारी भागात भैयालालच्या वर्कशॉपमध्ये त्याने लहान मुलांसाठी आधाराची खुर्ची आणि जाड मुठीचा चमचा करायला टाकला. कारखान्याचे पार्ट बनवणाऱ्या भैयालालने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "चमच्याचं ड्रॉइंग कुठं हाय?" शेवटी सायकलच्या हँडलची रबरी मूठ चमच्यावर चढवून काम भागलं.

मग ओमप्रकाश बिसेन आला. हा कारखान्यातला क्रेन ऑपरेटर, आणि आपल्या शॉपच्या, म्हणजे खात्याच्या, टीमचा जुना गोलकीपर. सात वर्षांच्या कमलिनीला तो कडेवर घेऊन आला होता. तिचे हातपाय जन्मापासून ताठरलेले. पण खोलीत शिरताच ओमप्रकाश म्हणाला, "ठवकरभाऊ! तुमचा तो कार्नरवरून डायरेक्ट मारलेला गोल मी रेडिओवर आयकला होता!" आणि अर्धा तास त्या गोलाबद्दलच बोलत राहिला. पोरीची आई कौशल्या खिचडीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. असले चाहते असल्यावर चिकित्सेची गरज कोणाला?

महिना गेला. खोलीत देवीदास शिकवायचा, घरी ओमप्रकाश सगळं पुसून टाकायचा. पोरीचा हात चमच्याकडे वळायच्या आत घास तिच्या तोंडात. कौशल्याने हे देवीदासला सांगितलं, तेव्हा त्याने एके सकाळी ओमप्रकाशला भिंतीशी बसवलं.

"तुमी गोली होते नं? येईल ते अडवाची सवय हाय तुमाले. आज पोट्टीले एक गोल करू द्या. हात मांडीखाली घ्या."

क्रेनने वितळलेलं लोखंड उचलणारा माणूस स्वतःच्या हातांवर बसला.

पहिला घास कमलिनीच्या गालाला लागला, दुसरा कानाला. तिसरा देवीदासच्या शर्टावर. ओमप्रकाश दोनदा उठला, दोनदा देवीदासने नुसतं बघितलं, आणि तो बसला. बावीस मिनिटं झाली. चमचा थरथरत वर आला, हनुवटीवर अडला, आणि आत गेला.

कौशल्याने पदर तोंडाला लावला. ओमप्रकाशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. कमलिनीने घास चावला, गिळला, आणि आईकडे बघून म्हणाली, "खारट हाय."

सात वर्षं तिला कोणी ना कोणी भरवत होतं. मीठ बरोबर आहे का, हे कोणी विचारलं नव्हतं.

ती चालली मात्र कधीच नाही. ओमप्रकाशला ते शेवटपर्यंत सलायचं, आणि देवीदासनेही त्याला खोटी आशा दिली नाही. नवव्या वर्षी ती पहिलीत बसली. दोन महिन्यांत शाळेची हिंदीत चिठ्ठी आली: मुलगी डबा खायला फार वेळ लावते, पालकांनी लक्ष द्यावं. ओमप्रकाशने ती आधी देवीदासला दाखवली, मग त्याच्याच टेबलावर बसून सही केली आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'लगने दीजिए.'