कॉम्प्युटर न पाहता दिलेली परीक्षा

शिकवलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही, शिकवणाऱ्याच्यासुद्धा नाही. पण तोंडी परीक्षेत समोरचा माणूस काय बोलला, ते मात्र कुठंही जात नाही. आमच्या नगरच्या वर्गातली जुनी मंडळी आता कुणाच्या लग्नात भेटतात, कुणाच्या दहाव्याला भेटतात. दोघं भेटले की एक किस्सा निघतो, तिसरा आला की तीन निघतात. सगळेच हसण्यासारखे नाहीत. पण कुणी विचारलं की सांगावेसे वाटतात.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आगेमागेची गोष्ट. नागापूरच्या एमआयडीसीत एक नवा कारखाना आला होता. त्यांना स्टोअरमधल्या मालाच्या याद्या पुण्याच्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या. त्यासाठी नगर भागातली दोन माणसं निवडून सहा महिने पुण्याला शिकायला पाठवायची, आणि परत आल्यावर कायमची नोकरी! आमच्या कॉलेजातले गणिताचे भिंगारदिवे सर सुट्टीत सहा आठवडे फोरट्रान, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकून आले होते, म्हणून शिकवून निवड करायचं काम त्यांच्याकडं आलं. मी फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर. खडू, पेपर आणि चहा माझ्याकडं.

वर्ग रविवारी सकाळी, आमच्या लॅबमध्ये. चौदा विद्यार्थी. कॉम्प्युटर एकही नाही. वर्गात नाही, अख्ख्या नगरात नाही. सरांनी तो पुण्यात काचेपलीकडून पाहिला होता. मी तर तेवढाही नाही!

*

पहिली चाचणी ॲरेची. ॲरे म्हणजे मशीनच्या आठवणीत एका ओळीत केलेले नंबरवार कप्पे. सरांनी वर्गाला स्टाफरूममध्ये नेलं. तिथं प्राध्यापकांच्या टपालासाठी लाकडी कप्प्यांचं कपाट होतं. बरोब्बर वीस कप्पे. सरांनी प्रत्येकावर खडूनं नंबर घातले आणि गवळींच्या हातात आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या दिल्या.

गवळी नागापुरातल्याच दुसऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर. चाळिशी ओलांडलेले, कपाळाला अष्टगंध, बोलणं कमी. ते शांतपणे एकेक चिठ्ठी एकेका कप्प्यात ठेवत गेले. सरांनी मुद्दाम एकवीस चिठ्ठ्या दिल्या होत्या. एकविसावी हातात राहिली की ते थांबतात का, तेवढंच पाहायचं होतं.

गवळी थांबले नाहीत. कपाटाशेजारी खुंटीवर एक पिशवी होती. त्यांनी चिठ्ठी तिच्यात टाकली.

"गवळी, कप्पे किती सांगितले होते?"

"वीस, सर. पण आलेला माल बाहेर ठेवता येत न्हाई. भिजतो."

सर हसले आणि आम्ही लॅबमध्ये परतलो. चिठ्ठी पिशवीतच राहिली. सोमवारी सकाळी प्रिन्सिपॉलांचा शिपाई सरांना बोलवायला आला. पिशवी प्रिन्सिपॉलांची होती!

"भिंगारदिवे, माझ्या डब्याखाली ही चिठ्ठी निघाली. हिच्यावर 'सत्तावन्न' लिहिलंय. म्हणजे काय?"

सर म्हणाले, "सर, आकडा ॲरेच्या बाहेर गेला की काय होतं ते आम्ही पोरांना सांगतो. कुणाच्या डब्यात जाईल ते सांगता येत नाही."

*

भानुदास मिरजगावचा. वीज मंडळात वायरमन. एका रविवारी तास संपत आला तेव्हा तो दारात उभा राहिला. हाताला खरचटलेलं, गुडघ्यापर्यंत धूळ.

सरांना उशीर खपत नसे. "निवड दोघांची आहे, भानुदास. जागा बसून राहणाऱ्याला मिळणार नाही, पण न येणाऱ्याला तर नक्कीच नाही."

"लाईन गेल्ती सर. दोन गावं अंधारात हुती. पिठाची गिरनी बंद, हिरीवरच्या मोटारी बंद. साठ खांबांत फॉल्ट कुठं हाय ते कुनाला म्हाईत न्हाई."

"मग साठ खांब चढून आलात?"

"न्हाई सर. सहा."

सर खुर्चीवरून उठले. "कसे?"

"मधल्या खांबावर चढायचं. तिथली जोडतार सोडायची. दोन्हीकडं मेगर लावायचा. जिकडं फॉल्ट दावल ती बाजू धरायची, दुसरी सोडून द्यायची. मग त्या निम्म्याच्या मधल्या खांबावर. पुन्यांदा तसंच. सहाव्याला चिमनी फुटलेली घावली."

मेगर म्हणजे तारेतला फॉल्ट दाखवणारं यंत्र, आणि चिमणी म्हणजे तार बसवायची चिनी मातीची वाटी. सर फळ्याकडं गेले, स्वतःचं लिहिलेलं पुसलं आणि खडू भानुदासच्या हातात दिला. बायनरी सर्च, म्हणजे निम्मं-निम्मं करत शोधणं, आम्हाला पुढच्या रविवारी शिकवायचा होता. तो त्या दिवशी भानुदासनं शिकवला, साठ उभ्या रेघा काढून.

शेवटी सरांनी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"साठ खांब एकदा चढून बगा सर. आपसूक येतं!"

*

पुढच्या रविवारी त्यावरच चाचणी. सरांनी दोनशे कार्डं आणली, प्रत्येकावर एक नाव. प्रत्येकानं येऊन सांगितलेलं नाव शोधायचं आणि कितीदा पाहावं लागलं ते लिहायचं. आदल्याच आठवड्यात निम्मं-निम्मं करायचं शिकलेलं, त्यामुळं जो तो उठून गठ्ठ्याच्या मधोमध हात घालत होता. एकालाही नाव सापडेना. घड्याळ पुढं चाललेलं, घाम फुटलेला.

मार्थाबाई साळव्यांची पाळी आली. एका दवाखान्यात पेशंटांची कार्डं सांभाळायचं काम त्या करत. त्यांनी पहिली तीन कार्डं पाहिली आणि गठ्ठा टेबलावर ठेवला.

"मी शोधणार नाही, सर."

"का?"

"कार्डं लावलेली नाहीत. मध्ये उघडून मला काय कळणार, नाव अलीकडं आहे की पलीकडं? आधी लावून द्या, नाहीतर पहिल्यापासून एकेक बघू द्या."

पैकीच्या पैकी मार्क त्यांना एकट्यांना. खरी परीक्षा तीच होती. लावलेलं नसेल तर निम्मं सोडून देता येत नाही.

चहाच्या वेळी मी म्हणालो, "बाई, तुमच्या बरं लक्षात आलं!"

त्यांनी कप खाली ठेवला. "आमच्याकडं एक शिंदे म्हणून पेशंट होता. छातीच्या रोगाचा. इंजेक्शनं चालू होती. कानात शिट्टी वाजते म्हणून त्यानं सांगितलं, ते डॉक्टरांनी कार्डावर लिहिलं, इंजेक्शन बंद करा म्हणून. पुढच्या खेपेला दुसरे डॉक्टर होते. त्यांनी कार्ड मागितलं. मी 'श'मध्ये शोधलं. नाही. दोनदा शोधलं. नाही. मग नवीन कार्ड केलं आणि इंजेक्शन चालू राहिलं."

"आणि जुनं कार्ड?"

"'स'मध्ये होतं. नाव विचारलं तेव्हा तो 'सिंदे' म्हणाला होता. मी ऐकलं तसं लिहिलं."

मी त्यांचा कप पुन्हा भरला.

"जगला तो," मार्थाबाई म्हणाल्या. "बरा झाला. अजून येतो कधी दवाखान्यात. मी नाव विचारते, त्याला ऐकू येत नाही."

*

आमच्या वर्गाचा पहिला प्रोग्राम पुण्याला गेला, तो किस्सा माझ्या बेअब्रूचा आहे. वीस आकडे चढत्या क्रमानं लावायचे, एवढाच प्रोग्राम. पुण्याहून त्याची कार्डं भोकं पाडून आली. एका कार्डावर एक ओळ, अशी बहात्तर कार्डं. सरांनी दोन चुका दुरुस्त केल्या आणि गठ्ठा एसटीनं परत पाठवायला माझ्याकडं दिला.

स्टँडवर ही गर्दी! कुणाचा तरी धक्का लागला, रबर तुटलं आणि बहात्तर कार्डं फलाटावर पसरली. लोक भले. बायाबापड्यांनी वेचून दिली. एका कंडक्टरनं तर सगळी हातानं झटकली, प्रत्येक कार्डाचा कापलेला कोपरा एका बाजूला येईल अशी ठाकठीक रचली आणि सुतळीनं बांधून माझ्या हातात दिली.

"एकबी हरवलं न्हाई मास्तर! मोजून घ्या!"

मी मोजली. बहात्तर भरली. मी निश्चिंत मनानं पाठवून दिली.

बारा दिवसांनी पुण्याहून गठ्ठा परत आला, बरोबर कागदाची लांबलचक घडी. वरपासून खालपर्यंत चुकाच चुका. सरांनी ती टेबलावर पसरली, दोनदा वाचली आणि माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं.

सर रागावले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी तीच विस्कटलेली कार्डं वर्गापुढं ठेवली. "हीच तुमची चाचणी. लावा." कार्डाच्या माथ्यावर छापलेली ओळ वाचायची आणि प्रोग्रामात ती कुठली ते ठरवायचं. चौदा जणांना दुपार झाली. लावून झाल्यावर सरांनी गठ्ठा घट्ट धरला आणि त्याच्या माथ्यावर लाल पेन्सिलीनं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली. आता एक कार्ड जागा चुकलं तरी रेघ तुटलेली दिसणार.

"काय शिकलात आज?" सरांनी विचारलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "गठ्ठा डेमॉन्स्ट्रेटरकडं देऊ नये!"

*

लेखी परीक्षेत शेवटचा प्रश्न होता, रांग आणि चळत यांतला फरक उदाहरणासह लिहा. रांगेत आधी आला तो आधी बाहेर. चळतीत शेवटी ठेवला तो आधी बाहेर. बहुतेकांनी रेशनची रांग आणि खाणावळीतल्या ताटांची चळत लिहिली. गवळींनी मोडक्या इंग्रजीत लिहिलं ते मला अजून पाठ आहे, मराठीत असं:

"चळतीचे उदाहरण : माझी कंपनी. शेवटी लागलेला आधी वर जातो. मी अकरा वर्षांपूर्वी लागलो."

सरांनी तो पेपर बराच वेळ हातात धरून ठेवला होता.

निकाल लागला तेव्हा मार्थाबाई आणि गवळी, हे दोघं निवडले गेले. तोंडी परीक्षेत सगळ्यांत जास्त मार्क भानुदासला होते, पण लेखी पेपर इंग्रजीत. त्यात तो नापास झाला. सर स्वतः सायकलवर नागापूरला गेले. कारखान्याच्या साहेबाला म्हणाले, "पेपर मराठीत काढायची अक्कल मला आली नाही. त्याची शिक्षा त्या माणसाला का?" साहेब चांगला होता, चहा पाजला, पण जागा दोनच्या तीन झाल्या नाहीत. पुढच्या वर्षीचा पेपर सरांनी मराठीत काढला. भानुदास मात्र पुन्हा आला नाही. त्याला खांबावर बरं वाटतं, असा निरोप आला.

*

त्या पहिल्या वर्षाची शेवटची तोंडी परीक्षा कमल औटीची होती. ती पारनेर तालुक्यातल्या शाळेत मास्तरीण होती. पंचवीस-सव्वीसची. दर रविवारी पहिल्या एसटीनं यायची आणि वर्ग सुरू होण्याआधी तासभर गावात कुठंतरी जाऊन यायची.

कुठं जाते ते मला उशिरा कळलं. तिचा धाकटा भाऊ फौजेत रणगाड्यावर होता. एकाहत्तरच्या लढाईनंतर त्याचं पत्र नाही, तार नाही. कैद झालेल्या जवानांच्या याद्या सैनिकांच्या कचेरीबाहेरच्या भिंतीवर लागत, त्या पाहायला ती जायची. पुढं कैदी सुटून आले. नगरच्या स्टेशनवर हार घेऊन लोक गेले. तिचा भाऊ त्यांत नव्हता. तरी तिचं जाणं थांबलं नाही. एकदा मी तिला तिथं पाहिलं होतं. भिंतीवरचा कागद जुना झालेला, कडा पिवळ्या पडलेल्या. ती बोट ठेवून एकेक नाव वाचत होती.

सरांना यातलं काही माहीत नव्हतं. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

तोंडीत सर सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारत. नाव सापडलं तर काय करायचं ते सगळे सांगत. नाहीच सापडलं तर काय, ते सांगायला सगळे विसरत. म्हणून तो प्रश्न.

"कमलताई, शंभर नावांची यादी आहे. लावलेली नाही. आपल्याला हवं ते नाव तिच्यात नाहीच आहे. तर किती नावं तपासावी लागतील?"

मी सरांकडं पाहिलं. त्यांचं लक्ष मार्कांच्या कागदावर होतं.

"शंभर," कमल म्हणाली.

"बरोबर. आणि शंभरावं झाल्यावर?"

तिनं टेबलावर बोट टेकवलं.

"परत पहिल्यापासून, सर."

सरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, असं कसं? एकदा शेवटपर्यंत गेलं की 'सापडलं नाही' असं छापायचं आणि थांबायचं. ते सांगितलं नाही तर मशीन थांबणारच नाही."

"मशीनला सांगेन ना सर," कमल म्हणाली. "मशीन थांबेल."