लाल दोरा सावलीचा, पिवळा उन्हाचा

मंगळवार, दसऱ्यानंतरचा. पहिला तास सुटल्यावर, प्राचार्यांच्या खोलीत. हजर: प्राचार्य, कार्यालयाचे अधीक्षक, ज्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, राहणार सायखेडा, आणि मी, वनस्पतीशास्त्र शिकवणारी. गैरहजर: बाग राखायचा ठेका घेतलेला माणूस, फोन बंद. द्राक्षाच्या ज्या ओळीबद्दल बोलायचं होतं ती खिडकीतून दिसत होती. मेंदीच्या कुंपणासारखी सपाट.

कुठल्याही बैठकीत मी आधी हजेरी लिहून घेते. जुनी सवय आहे. त्या दिवशी तिचा एक फायदा झाला, लिहून होईपर्यंत तोंड बंद राहिलं.

आमची शेतकी पदविकेची संस्था नाशिकच्या बाहेर आहे. इमारतीमागे प्रात्यक्षिकासाठी थोडी जमीन, आणि तिच्यात द्राक्षाची एकच ओळ. एप्रिलमध्ये या मुलीने ती ओळ प्रकल्पासाठी मागून घेतली. प्रश्न साधा होता: उन्हातल्या काडीवर घड जास्त येतात की सावलीतल्या? निम्म्या वेलींवर तिने काड्या विरळ करून आत ऊन येऊ दिलं. उरलेल्यांवर पसारा होता तसा ठेवला. उन्हातल्या काडीला पिवळा दोरा, सावलीतल्या काडीला लाल. लोकरीचा रंग पावसात उतरतो, म्हणून पंचवटीतल्या पूजेच्या दुकानातून पक्क्या रंगाचा दोरा आणला. सगळा पावसाळा ती चिखल तुडवत त्या ओळीत जात होती.

ज्यांचा द्राक्षाशी फक्त खाण्यापुरता संबंध आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये काड्या बुडाशी खरडून काढतात. त्यातून नव्या काड्या येतात, आणि भर उन्हाळ्यात या नव्या काड्यांच्या डोळ्यांत, म्हणजे पानाच्या बगलेतल्या बारीक कोंबात, पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. बाहेरून काहीच कळत नाही. तपकिरी खवल्यांखाली सगळं काम चाललेलं असतं. डोळ्याला ऊन मिळालं तर घड धरतो. नाही मिळालं तर बऱ्याचदा त्याच जागी बाळी होते, वेलीला आधार पकडायची नुसती तार. ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी. या वेळी काडी राखायची, फक्त शेंड्याकडचा भाग काढायचा, कारण पीक त्या काडीवरच्या डोळ्यांत बसलेलं असतं. ऑक्टोबरात कोणी एप्रिलसारखं बुडाशी कापलं तर वेल मरत नाही. पानं येतात, चांगली तरारून येतात. घड येत नाहीत. पुढच्या वर्षापर्यंत वाट बघायची.

शनिवार-रविवारी संस्थेला सुट्टी होती. त्या सुट्टीत मेंदी कापायचं यंत्र आमच्या ओळीवरून फिरलं आणि काड्या बुडाशी कापल्या गेल्या.

"भाऊसाहेब, दोरे कोणी काढले?" मी विचारलं.

"मीच काढायला लावले, मॅडम. गुरुवारी तपासणी समिती येतेय. शेतकी कॉलेजात झाडांना नवसाचे दोरे बांधलेले दिसले असते तर काय म्हणाले असते? शास्त्र शिकवता का व्रतं?"

"नवसाचे?"

"लाल-पिवळे होते. मला वाटलं पोरींनी पास व्हायला बांधले. वडाला बांधतात तसे."

"भाऊसाहेब, वडाला पांढरा बांधतात," मुलगी म्हणाली. त्या खोलीत ती पहिल्यांदा बोलली ते हेच.

"ओळीच्या तोंडाशी पाटी होती," मी म्हटलं. "प्रकल्पाचं नाव, हिचं नाव, खाली माझं."

"ती गंजली होती म्हणून रंगवायला दिलीय."

"आणि काड्या?"

"दोरे काढल्यावर सगळं अस्ताव्यस्त दिसायला लागलं हो. ठेकेदार मेंदी कापतच होता. म्हटलं हेही एका लेव्हलला घे."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, झाडच आहे. परत फुटेल ना?"

"फुटेल."

"झालं तर मग."

"पानं फुटतील, सर. घड नाही."

"समितीला हिरवं दिसल्याशी कारण. द्राक्षं खायला थोडीच येताहेत." मग ते मुलीकडे वळले. अगदी मायेने वळले, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. "तू काळजी करू नकोस, बेटा. मॅडम सांगतील तसा निष्कर्ष लिहून टाक. पुस्तकात असतीलच की आकडे."

यंत्राने मी जेवढी चिडले नव्हते तेवढी या वाक्याने चिडले. यंत्र चालवणाऱ्याला डोळा म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या संस्थेच्या फाटकावर 'प्रत्यक्ष अनुभवातून शिक्षण' असं रंगवलेलं आहे, त्यांना मात्र अनुभव कापला गेल्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण निष्कर्ष आधीच छापून आलेला आहे. मी इतकी वर्षं पहिल्या वर्षाच्या वर्गात उभी राहून सांगते की पुस्तकावर विश्वास ठेवू नका, पान उलटं करून बघा, देठ मोडून बघा. आणि वरच्या मजल्यावर हे.

"सर, पुस्तकातले आकडे पप्पांना नाही चालणार," मुलगी म्हणाली.

तिच्या पप्पांचं काय, ते प्राचार्यांना माहीत नव्हतं, मला होतं. सायखेड्याला नदीच्या बाजूला त्यांची बाग आहे. पानोळा, म्हणजे वेलीवरचा पानांचा पसारा, जितका दाट तितकी वेल जोमदार, असं त्यांचं मत, आणि मत बदलायची त्यांना घाई नसते. मुलगी पहिल्या वर्षापासून घरी वाद घालत होती. शेवटी मार्चमध्ये त्यांनी अट घातली. कॉलेजातल्या वेलीवर उन्हाच्या काडीचे घड दाखव. दिसले तर पुढच्या वर्षीच्या एप्रिलपासून नदीकडच्या दोन ओळी तुझ्या हातात, तुला पाहिजे तशा वाढव. नाही दिसले तर हा विषय घरात परत काढायचा नाही. बाग मुलाकडे जाणार हे त्या घरात कोणी बोलूनही दाखवत नाही, इतकं धरून चाललेलं आहे. तिथे मुलीच्या हातात दोन ओळी ही मोठी गोष्ट होती.

खोलीतून बाहेर पडल्यावर मी तिला विचारलं, "कापलेलं कुठे टाकलंय?"

"खतखड्ड्यात."

"चल."

दोरे सोडायला लावलेला माणूस अर्ध्यात कंटाळला असावा. खड्ड्यात मेंदीच्या कचऱ्याखाली आम्हाला दोऱ्यासकट कापलेल्या काड्या सापडल्या, लालही आणि पिवळ्याही. घड डोळ्यात उन्हाळ्यातच धरलेला असतो. वेलीवर तो आता उगवणार नव्हता, पण डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर आत दिसायला हरकत नव्हती. काड्या सुकायच्या आत बघायला हव्या होत्या. ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्ही त्या प्रयोगशाळेत नेल्या.

प्रयोगशाळेला कुलूप. किल्ली भाऊसाहेबांकडे. काचेतून आमचा एकमेव चांगला सूक्ष्मदर्शक दिसत होता, टेबलावर मधोमध मांडलेला, खंडेनवमीला घातलेला झेंडूचा हार अजून गळ्यात.

"समिती जाईपर्यंत हात लावायचा नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सगळं लावून ठेवलंय."

"हार काढणार आहात का?"

"हार का काढायचा? प्रसन्न वाटतं."

वेलीला दोरा बांधला तर समिती नावं ठेवते, यंत्राला हार घातला तर प्रसन्न होते. मी हे त्यांना बोलून दाखवलं. "मॅडम, तुम्ही कुठलं कुठे नेता," असं म्हणून ते चहा सांगायला गेले.

गुरुवारी समिती आली. आधी चहा, मग पोहे, मग फेरी. द्राक्षाच्या ओळीपाशी सगळे थांबले. समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी मान डोलावली. "फार नीटनेटकं ठेवलंय." मग समोर उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी विचारलं, "काय ग, वेलीचा डोळा म्हणजे काय?"

"मिटलेली फांदीच, सर. तिच्यात पुढची पानं, आणि धरला असेल तर घडसुद्धा, आधीच तयार असतो."

"शाब्बास. पाया पक्का आहे हिचा."

मी म्हटलं, "सर, ती ज्या डोळ्यांबद्दल सांगतेय ते इथे होते. शनिवारी कापले गेले. तिच्या प्रकल्पाची ओळ होती."

त्यांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य म्हणाले, "छाटणीचं प्रात्यक्षिक झालंय नुकतंच."

"वा," ते सदस्य म्हणाले, आणि सगळे नव्या वाहनतळाकडे निघाले.

त्या गृहस्थांचा विषय फळबागशास्त्र आहे. ऑक्टोबरात बुडाशी खरडलेली द्राक्षाची ओळ समोर होती आणि त्यांना व्याख्या ऐकू आली. ओळ दिसली नाही. प्राचार्यांच्या थापेपेक्षा मला याचाच जास्त राग आला, आणि अजून आहे. थाप मारणाऱ्याला निदान खरं काय ते माहीत असतं.

त्यांच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या तशी मी किल्ली मागितली. देताना भाऊसाहेब म्हणाले, "हार सांभाळा." मी हार काढून खिळ्याला अडकवला.

गोणपाट अजून ओलं होतं. मुलीने ब्लेडने पिवळ्या दोऱ्याच्या काडीवरचा डोळा कापला, खवले एकेक उलगडले, तो यंत्राखाली ठेवला आणि नळीतून बघितलं. मग बाजूला होऊन मला जागा दिली. आत हिरवट, फाटे फुटलेला इवलासा पुंजका होता. घड. पुढच्या काडीतही होता. लाल दोऱ्याच्या काड्यांत बहुतेक ठिकाणी नुसता दोन तोंडांचा धागा, बाळी होऊ घातलेला.

"मॅडम, या लालमध्ये पण घड आहे," ती एकदा हळूच म्हणाली.

"मग तसं लिही."

"पप्पा तेवढाच धरून बसतील."

"बसू देत. आहे ते आहे."

तिने लिहिलं. मग घरी फोन लावला आणि माझ्यासमोर स्पीकरवर ठेवला.

"पप्पा, घड दिसले."

"कुठं? वेलीवर?"

"डोळ्यात. यंत्राखाली. वेल कापली ना, सांगितलं होतं तुम्हाला."

"आता वेलच नाय म्हनल्यावर दाखवती काय? आन् कागद पाठवू नको मला. कागदावर समद्यांच्याच बागंला घड लागत्यात."

मी फोन घेतला. "भाऊ, कागद पाठवत नाही. यंत्रच घेऊन येते. काड्या तुमच्या बागेतल्या. कडेच्या उन्हातली एक, मधल्या दाटीतली एक, तुम्हीच तोडायच्या. बघायचंही तुम्हीच."

पलीकडे त्यांनी पाण्याची मोटार बंद केली.

"आमच्याच बागंतल्या?"

"हो. पण एकेकावर भागणार नाही. चार-पाच बघाव्या लागतील. एखादी तुमच्या बाजूनेही निघेल."

"हे बरं बोलल्या. आन् माझ्या डोळ्याला दिसंल का ते? चाळिशी लागली मला."

"मलाही लागलीय. मला दिसलं."

"मंग या. पन सोमवारपास्नं छाटनीला मानसं सांगितल्यात. त्याच्या आत या. काड्या कापल्यावर काय बघू, सरपन?" फोन ठेवता ठेवता मुलीला म्हणाले, "ओळींचं बोललोय ते बोललोय. पन मला दिसलं तर."

आज शनिवार. उद्या सकाळी सायखेड्याला जायचं ठरलं आहे. यादी माझ्या समोर आहे. ब्लेडं घेतली. काचपट्ट्या घेतल्या. वीज नसली तर म्हणून बॅटरी घेतली. काड्यांना खुणेसाठी दोरे मुलीने आणलेत, या वेळी निळे आणि काळे. सूक्ष्मदर्शक खोक्यात नीट भरून ठेवला आहे आणि खोकं कार्यालयाच्या बाकावर आहे, कारण संस्थेची वस्तू फाटकाबाहेर न्यायला पास लागतो आणि त्यावर प्राचार्यांची सही. भाऊसाहेब म्हणतात, समितीचा अहवाल हातात पडेपर्यंत एकही वस्तू हलवायची नाही, असा तोंडी आदेश आहे. प्राचार्य दुपारनंतर येतो म्हणाले होते. मुलगी खोक्याशेजारी बसून आहे. कार्यालय पाचला बंद होतं आणि पासवर सही अजून व्हायची आहे.