गव्हावर दळलेली ज्वारी

आमच्या ग्रुपमध्ये कोणी कोणाचं पूर्ण वाचत नाही. लिहिणाऱ्यांचा ग्रुप आहे, फोनवरचा. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली माणसं आहेत, बरीचशी रिटायर झालेली, थोड्या घरात बसून कंटाळलेल्या सुना. सकाळी कोणी गोष्ट टाकली की लगेच खाली 'अप्रतिम', 'खूप छान', 'निःशब्द' सुरू होतं. तेवढ्या वेळात माझी पहिली ओळसुद्धा वाचून होत नाही. मी चौथी शिकलेली. ओळीखाली बोट धरून वाचायची सवय, पण फोनवर बोट ठेवलं की ओळच पळते. म्हणून काडेपेटीची कड धरून वाचते. वेळ लागतो, पण शेवटपर्यंत वाचते. मला दुसरं काम नाही.

वाचलं की जे वाटलं ते लिहायचे. एकाच्या गोष्टीत बायको सुरुवातीलाच वारली होती आणि पुढे नवऱ्याला चहा देत होती. मी खाली लिहिलं, 'मेलेली बाई चहा कसा करते?' तो गृहस्थ ग्रुप सोडून गेला. ग्रुप चालवणाऱ्या मॅडम नांदेडच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी फोन केला आणि बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या.

ग्रुपमध्ये दर महिन्याला एक आव्हान असतं. सात दिवस रोज एक विषय द्यायचा, लोकांनी त्यावर गोष्टी लिहायच्या, शेवटी एक निवडायची. मागच्या थंडीत मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं.

"मावशी, या महिन्याचं आव्हान तुम्ही चालवा."

"कशाचं हाय?"

"प्रेमकथेचं."

"मला काय कळतंय त्यातलं? मी माझा नवरा नीट बघितला तोच लग्नाचे पाहुणे गेल्यावर."

"म्हणूनच तुम्ही. ज्यांना कळतं त्यांनी दर वर्षी चंद्र आणलाय."

हो म्हटलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस वाईट नव्हता, बोलत नसे एवढंच. मुलगा पुण्याला असतो. रविवारी फोनवर दिसतो, जेवलीस का विचारतो, जेवले म्हणते. त्याला विचारायला आणि मला सांगायला यापलीकडे काही नसतं. लातुरात मी एकटी राहते. सांगितलेलं काम नाही म्हणावं एवढी कामं माझ्याकडे येत नाहीत.

मी नियम घातला. प्रेम हा शब्द लिहायचा नाही. चंद्र, गुलाब, पाऊस, डोळ्यांतलं पाणी बंद. एका माणसानं दुसऱ्यासाठी हातानं काय केलं तेवढंच लिहायचं. पहिला विषय दिला, 'रोजचं काम'. दिवसभर कोणी काही लिहिलं नाही. बिलोलीच्या एका मास्तरांनी तेवढं विचारलं, चांदणं चालेल का. मी नाही म्हटलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन. डोळ्याला पट्टी, तरी सुनेकडून सगळं वाचून घेतलेलं. "मावशी, लोक घाबरलेत. तुम्हीच एक नमुना टाका. कसं लिहायचं ते तरी दिसू द्या."

मला बनवून लिहिता येत नाही. जे बघितलं तेच येतं. आणि मी रोज बघते असं एकच ठिकाण होतं, आमच्या गल्लीच्या तोंडाची पिठाची गिरणी.

गिरणी आप्पांची. सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. लिंगायत वाण्यांचं घर, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे पट्टे. दुपारपर्यंत तोंडभर पीठ बसतं आणि मग भस्म कुठलं, पीठ कुठलं, कळत नाही. बायको वारलेली. मुलगा आडतीवर असतो, सून घरचं सांभाळून वजनकाट्यावर बसते. गिरणीत जातं एकच. गहू दळून झाले की त्यातलं थोडं पीठ आत राहतं आणि पुढच्या दळणात उतरतं. ज्वारी गव्हावर दळली की भाकरी वातड होते. म्हणून बायका डबा ठेवताना सांगतात, ज्वारीवर ज्वारी टाका. आप्पा हो म्हणतात, आणि गर्दी असली की ज्याचा नंबर येईल त्याचं टाकतात. माझं मात्र तसं करत नसत. आधी गहू झालेला असला तर बाजूच्या पोत्यातली आपली मूठभर ज्वारी जात्यात टाकायचे, ते पीठ वेगळं काढायचे, आणि मग माझा डबा ओतायचे. यावर आम्ही कधी बोललो नाही.

मी दोन-तीन दिवसांनी थोडीशी ज्वारी घेऊन जायची. एकट्या बाईला किती लागणार. डबा हातात घेऊन आप्पा म्हणायचे, "अक्का, चिमणीचं दळण आणलाव का?"

"ताजं पीठ बरं असतं."

"हाव, बरं असतंय. बसा."

मग मी गव्हाच्या पोत्यावर बसायची. जातं चालू असलं की ओरडून बोलावं लागे. कोणाच्या पोरीचं जमलं, सोयाबीनचा भाव काय, नळाला पाणी कधी येणार. बोलण्यात काही नसायचं. पण त्या दोन-तीन दिवसांत समोरासमोर कोणाशी बोलले असं विचारलं, तर तेवढंच.

तर ही गोष्ट मी लिहिली. गिरणी मुरूडला नेली, बसस्टँडजवळ. गिरणीवाल्याला मोठ्या मिशा लावल्या. मूठ तेवढी तशीच ठेवली. शेवट काही सुचेना. गोष्टीतली म्हातारी नुसती दळून आणते आणि जाते, त्यात काय गोष्ट? म्हणून मी लिहिलं की एक दिवस तिच्या घरातली ज्वारी संपते, तरी ती रिकामाच डबा घेऊन गिरणीत येते. गिरणीवाला झाकण काढून बघतो, काही न बोलता परत लावतो, डबा रांगेत सगळ्यात शेवटी ठेवतो. म्हणजे तिला दिवे लागेपर्यंत बसता येईल. एवढंच. टाकली ग्रुपवर.

पहिल्यांदाच ग्रुपनं काही पूर्ण वाचलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून गोष्टी यायला लागल्या, आणि बऱ्या यायला लागल्या. देगलूरच्या एका बाईनं लिहिलं, सासऱ्यांना तेलुगूच कळतं म्हणून सासू टीव्हीवरची मराठी बातमी ऐकून त्यांना तेलुगूत सांगते, आणि वाईट बातमी गाळते. बिलोलीच्या मास्तरांनी चांदणं सोडून बायकोच्या चपलेला खिळा ठोकला. मी प्रत्येकाला खाली दोन ओळी लिहीत होते. काडेपेटीची कड झिजली. सकाळी उठलं की फोनवर कोणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं. तसं पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

त्यात कोणीतरी माझी गोष्ट उचलून पुढे पाठवली. माझं नाव काढलं, मुरूड काढून लातूर घातलं, मिशा ठेवल्या, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सत्यकथा. आपल्या लातूरची. नक्की वाचा.' आपल्याकडे हे असंच होतं. चांगली वाटली की ती खरी असलीच पाहिजे. दोन दिवसांत ती मलाच तीन ठिकाणांहून आली. आप्पांच्या सुनेला तिच्या भिशीच्या बायकांनी पाठवली. मूठभर ज्वारीवरून तिनं गिरणी ओळखली, आणि लिहिणारी कोण तेही.

मी डबा घेऊन गेले तर गिरणीत चार-पाच बाया होत्या. सून काट्यावरून म्हणाली, "या, लेखिकाबाई. आज डबा भरलेला हाय का रिकामा?"

बाया हसल्या. मी म्हटलं, "वजन करून बघ."

एक बाई आप्पांना म्हणाली, "आप्पा, आमच्या ज्वारीला बी एक मूठ टाकत जावा की. आमी काय घोडं मारलंय?"

"मिशा कुठं गेल्या हो आप्पा?" दुसरी म्हणाली.

"लग्नाच्या आधी काढल्या आसतील," पहिली म्हणाली, आणि पुन्हा हसणं.

आप्पांनी मान वर केली नाही. जात्याचा आवाज मोठा होता, ऐकू आलं नाही असं दाखवता येत होतं. सुनेनं माझ्या हातातून डबा घेतला. "ठेवून जावा. सांजच्याला न्या. बसून कशाला राहायचं, धूळ लई उडते."

मी आले. संध्याकाळी डबा मिळाला. पीठ स्वच्छ होतं, भाकरी मऊ झाली. म्हणजे मूठ टाकली होती.

मी हे मॅडमना फोनवर सांगितलं. त्यांना मजा वाटली. "मावशी, खरंच असं काही आहे का?"

"काही न्हाई. असतं तर सांगितलं असतं. या वयात मी कोणाला भिते?"

"मग त्यांना तसं सांगून टाका. गैरसमज कशाला?"

मला ते पटलं. जे नाही ते नाही म्हणायला काय लागतं?

आव्हानाचा शेवटचा दिवस होता. दुपारी, गिरणी थंड असते त्या वेळी गेले. सून घरात जेवायला गेली होती. आप्पा स्टुलावर बसून पट्टा पुसत होते. मला बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं. चिमणीचं दळण म्हणाले नाहीत. अक्कासुद्धा म्हणाले नाहीत. मी डबा ठेवला आणि पोत्यावर बसले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "सुनेनं वाचून दाखवलं मला. पुन्हा एकदा वाच म्हणलो तर चिडली."

"लोकांनी वर काहीबाही लिहून पाठवलंय ते."

"ते मूठ टाकायचं लिहिलाव, ते तर खरंच हाय."

"हाव. ते खरं हाय."

"मग ते शेवटचं?" ते माझ्याकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते. "रिकामा डबा घेऊन येती म्हणून लिहिलाव. ते खरं हाय का?"

मी लगेच सांगितलं. विचार करायला त्यात काही आहे असं मला वाटलं नाही. "न्हाई. ते बनवलंय. शेवट पाहिजे होता म्हणून. माझा डबा कधी रिकामा आला का?"

आप्पांनी डब्यावरची नजर काढून रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मग म्हणाले, "न्हाई आला." आणि फडकं उचललं. "बरं झालं, अक्का. सून खामखा डोक्यावर बसली होती. सांगतो तिला."

ते उठले, बटण दाबलं. जातं फिरायला लागलं. कोपऱ्यात गव्हाचा एक डबा होता, तो आधीपासून रांगेत होता. त्यांनी तो ओतला. तो झाला की माझा उचलला आणि सरळ ओतला. बाजूला पोतं होतं, तोंड उघडं होतं. हात तिकडे गेला नाही. मी बघत होते. मी काही म्हटलं असतं तर त्यांनी टाकली असती, सगळ्याच बायका म्हणतात. पण मला कधी म्हणावं लागलं नव्हतं, त्यामुळे तोंडात आलं नाही.

घरी येऊन भाकरी केली. वातड झाली. जेवता जेवता निकाल लिहिला. देगलूरच्या बाईची गोष्ट पहिली काढली, वाईट बातम्या गाळणाऱ्या सासूची. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. त्या बाईनं लिहिलं, 'मावशी, खरं सांगू का, सासूबाईंना मराठी नीट येतच नाही. त्या मनानंच काहीतरी सांगतात. मी तुम्हाला थोडं बदलून लिहिलं.' मी तिला लिहिलं, 'तेच लिहायचं होतं.' तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, आता दर वेळेचं प्रेमकथेचं आव्हान तुमच्याकडेच. मी हो म्हटलं. नमुना मात्र दुसऱ्या कोणी टाकावा, असं सांगितलं.

आप्पांचं माझं वाकडं काही नाही. कधी दळणाचे पैसे द्यायला गेले की 'या अक्का' म्हणतात, सगळ्यांना म्हणतात तसं. सूनही आता हसत नाही. उलट काट्यानं माझं दळण थोडं जास्त दाखवलं तर स्वतःच सांगून पैसे कमी घेते. बोलायला आम्हाला काही सुचत नाही. सोयाबीनचा भाव तोच आहे.

आता मी थोडी थोडी ज्वारी नेत नाही. मोठा डबा भरून ठेवते आणि शेजारच्या रिक्षावाल्याला सांगते, जाता जाता गिरणीत टाक. संध्याकाळी तोच घेऊन येतो. महिनाभर पुरतं. पहिले आठ-दहा दिवस ठीक असतं. मग पिठाची विरी जाते, ते धरून राहत नाही, आणि थापताना भाकरीची कड चिरते. गरम पाण्यात मळलं की कशीतरी जमते. गोल होत नाही, पण भाजते.