खाटांचा उत्तर स्टँड

रायपूरच्या हिरालाल रामटेके यांनी उभ्या जन्मात दुर्ग, बिलासपूर आणि नागपूर यांपलीकडे काही पाहिलं नाही. पण पोर्तुगालात कुठल्या गावात कुठला फुटबॉल क्लब, त्याचं मैदान कसं, तिथली माणसं पोटापाण्याला काय करतात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारा. न विचारताही सांगत. तोच तर त्रास होता.

वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर. रिटायर झाले ते २००४ साली. त्या वर्षी युरोपची स्पर्धा पोर्तुगालात भरली आणि टीव्हीवर ब्रागाचं स्टेडियम दिसलं. खाणीत उभारलेलं! दोन बाजूंना माणसं, एका गोलामागे नुसता उभा कातळ. "अरे, हे तं आपल्या खदानीसारखं आहे!" म्हणून जे टीव्हीसमोर बसले, ते बसलेच. मग सायबर कॅफेतून पानं छापून आणायची आणि लाल रजिस्टरात उतरवायची. गिमाराइशची माणसं लिस्बनच्या नामांकित क्लबांना विचारत नाहीत, आपल्या गावाच्या क्लबामागे उभी राहतात, वगैरे वगैरे.

पण जीव अडकला तो बारेइरोत. लिस्बनसमोर नदीपलीकडचं गाव, रेल्वे वर्कशॉपवर वाढलेलं. क्लबही तिथल्या कामगार पोरांचा. हिरालालना ते भाऊबंदच वाटत. एक दिवस वाचलं की त्या क्लबचं जुनं मैदान विकलं, पाडलं. त्या दिवशी दोन पोळ्यांवर ताटावरून उठले.

"माझे बाबा गेले तवा चार खाल्ल्या होत्या तुम्ही," सरलाबाई म्हणाल्या. त्यांच्या पत्नी. हिशोबाला पक्क्या.

त्याच वर्षी हिवाळ्यात हिरालालच्या रेल्वे कॉलनीवर तीच वेळ आली. राजधानी झाल्यापासून रायपूरला गाड्या ठेवायला जागा पुरेना. कॉलनीमागच्या मैदानावर कुणाची तरी नजर पडली. रविवारी सकाळी महापालिकेचे एक साहेब पाहणीला येणार होते. मैदान ओस दिसलं, तर तिथे पार्किंग.

हिरालालनी कॉलनीच्या पोरांची तेलीबांधा वस्तीतल्या पोट्ट्यांशी मॅच ठरवली. फक्कीने रेघा मारल्या, बारेइरोच्या क्लबाची लाल-पांढरी निशाणं लावली. आणि मग शहाणपणा केला. थंडीत त्या मैदानावर कॉलनीच्या बायका खाटा टाकून रखियाच्या बड्या, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वाळवायच्या. उत्तरेकडची अख्खी बाजू खाटांनी भरलेली.

"हटवा हे," हिरालाल म्हणाले. "साहेब येऊन राहिले. स्टेडियम दिसलं पाहिजे, बाजार नाही."

"बरं," सरलाबाई म्हणाल्या.

बायको नुसतं 'बरं' म्हणाली की भ्यायचं असतं, हे तीस-पस्तीस वर्षांत ज्याला कळलं नाही त्याला काय सांगावं!

रविवारी मॅच सुरू झाली. बघायला दोन शेळ्या आणि स्वतः हिरालाल. पुरुष घरी टीव्हीवर क्रिकेट बघत होते. बायका मैदानालगतच्या बुद्धविहाराच्या गच्चीवर, तिथे नेलेल्या खाटांपाशी, पाठ करून बसलेल्या. रजिस्टरभर हिरालालनी काय लिहिलं होतं? मैदान गावाचं असतं. आणि गाव तर त्यांनी आपल्याच हातांनी उचलून गच्चीवर पाठवलं होतं.

धापा टाकत ते जिना चढले. "चुकलो."

"कायले?" अंजनाबाईंनी विचारलं. त्या बायकांत सगळ्यांत वडील, आणि तोंडाने सगळ्यांत तिखट.

"बाजार म्हटलं त्याच्यासाठी."

"अजून?"

"अजून... बड्या मस्त होतात तुमच्या."

"खाता तं दरसाली. आजच बोलून राहिले!"

सरलाबाईंनी हसू दाबलं आणि पदर खोचला. "चला वं बायांनो. बुढा हार्टफेल होऊन मरन इथंच."

खाटा उतरवायला नवऱ्यांना हाका गेल्या. क्रिकेट सोडून आले, आणि मैदानात आल्यावर मॅच बघत तिथेच उभे राहिले. जीप आली तेव्हा उत्तरेच्या गोलामागे चौदा खाटा, भोवती बायका, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत.

"यहाँ तो मेला लगा है," साहेब म्हणाले.

तेवढ्यात तेलीबांध्याच्या एकाने मारलेला बॉल गोलावरून सरळ अंजनाबाईंच्या खाटेवर, आणि बड्यांचा चुरा. त्यांनी तो उचलला आणि मांडीखाली घेऊन बसल्या.

"पहले मेरी बड़ी भर के दे!"

"दीदी, मैच रुका है," साहेब समजुतीने म्हणाले.

"रुकने दो. और आप बताओ, यहाँ गाड़ी रखोगे तो हम बड़ी कहाँ सुखाएँगे? तुम्हारे बंगले पे?"

साहेबांनी चष्मा पुसला आणि कागदावर लिहिलं: 'मैदान रोज़ उपयोग में है।' जाताना ओंजळभर बड्या रुमालात बांधून नेल्या.

मॅच कॉलनीने तीन-एकने गमावली. हिरालालना त्याचं काही नव्हतं. घरी येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. ब्रागाच्या पानावर लिहिलेलं होतं: एका गोलामागे कातळ. पुढच्या कोऱ्या पानावर त्यांनी आपल्या कॉलनीचं नाव घातलं आणि खाली लिहिलं: उत्तर स्टँड, चौदा खाटा.

सरलाबाईंनी खांद्यावरून डोकावून वाचलं. "पंधरा लिहा. पुढच्या रविवारी एक नवीन टाकून राहिली मी. उचलून न्यायले तुम्हीच या."